वेलीवरचे आठ रिकामे दिवस

माझ्या मामाला आमच्या घरात मामा आणि बाकी सगळीकडे 'पंप' म्हणत. नगरपालिकेच्या बाग खात्यात तो फवारणीचं काम करायचा. पाठीवर सोळा लिटरची टाकी, डाव्या हातात वरखाली करायचा दांडा, उजव्या हातात नळी. सव्वीस वर्षं हेच. त्यामुळे त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली गेला होता, आणि टाकी पाठीवर नसतानाही तो थोडा पुढे वाकून चालायचा. मामी म्हणायची, "लग्नाच्या फोटोत सरळ उभे आहेत. तेवढाच काय तो पुरावा."

कामावर त्याचा भारी जीव. शहरातल्या बागा, शाळांची मैदानं, रस्त्याकडेची झाडं, सगळं त्याच्याकडे. "माझ्या बागेत एक अळी दाखवा, मिशी काढून टाकतो," असं तो छातीठोकपणे सांगायचा आणि मिशी शेवटपर्यंत शाबूत राहिली. आम्ही पोरं त्याच्या घरी गेलो की मामी आम्हाला दारातच अडवायची. मामाची आंघोळ होईपर्यंत त्याच्या जवळ जायचं नाही. त्याचे कपडे ती वेगळ्या बादलीत, वेगळ्या साबणाने धुवायची आणि ती बादली दुसऱ्या कशालाही वापरायची नाही. मामा हसायचा. "अगं, ते औषध किड्यांसाठी आहे. मी काय किडा आहे?"

पन्नाशी ओलांडल्यावर त्याची बोटं थरथरायला लागली. आधी शर्टाची बटणं लागेनात, मग कपातला चहा बशीत सांडायला लागला. तो म्हणायचा, वय झालं. मामी म्हणायची, मग तुमच्या मोठ्या भावाचं नाही का झालं वय? एका सकाळी शाळेच्या मैदानावर फवारताना त्याला घेरी आली, उलट्या झाल्या, आणि त्याला आमच्या हॉस्पिटलात आणलं. आमच्या म्हणजे मी जिथे नोकरी करते तिथे. मी तिथे आहारतज्ज्ञ आहे. कोणत्या रुग्णाला काय जेवायला द्यायचं हे ठरवते, आणि परत आलेल्या ताटांत काय उरलंय तेही बघते.

डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट दोनदा वाचला. म्हणाले, "काका, किड्यांच्या नसा ज्याने बंद पडतात, त्याने तुमच्याही नसांना धक्का बसलाय. थोडा थोडा, पण रोज. आता पंप खाली ठेवायचा. कायमचा."

घरी जाताना रिक्षात मामा मला म्हणाला, "सव्वीस वर्षं मी त्यांना मारत होतो आणि ते मला. आणि मला वाटत होतं मीच जिंकतोय."

खात्याने त्याची बदली केली आमच्याच हॉस्पिटलच्या भाजीच्या वाफ्यांवर. धुलाईखाना आणि मागची भिंत यांच्या मध्ये अर्धा एकर जागा होती. नव्या अधीक्षकबाईंनी ती मोठ्या हौसेने भाजीसाठी काढून ठेवली होती, कारण कंत्राटदार वर्षभर चारच गोष्टी पाठवायचा: बटाटा, कोबी, गाजर आणि कोबी संपला की पुन्हा बटाटा. ताटं जशीच्या तशी परत यायची. हाड मोडलेला, टाके घातलेला, तापातून उठलेला माणूस पाचव्या दिवशी त्याच कोबीकडे बघून तोंड फिरवतो, आणि जो जेवत नाही त्याची जखम लवकर भरत नाही. मी आहारपत्रकावर हिरव्या भाज्या, शेंगा, भोपळा असं लिहायचे आणि स्वयंपाकघराच्या प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे मोठ्या ताई म्हणतो, त्या पत्रक हातात घेऊन विचारायच्या, "हे तू मला वाचायला देतेस की शिजवायला?"

मामाला ही बदली मुळीच रुचली नाही. "हातातून पंप काढला आणि खुरपं दिलं," असं तो भेटेल त्याला सांगायचा. पण कामचुकारपणा त्याच्या अंगात नव्हता. त्याने वाफे पाडले, भिंतीलगतचं सगळं रान उपटून जमीन घासून काढली, आणि भोपळा, काकडी, घेवडा, टोमॅटो, पालक लावला. पहिल्या दोन महिन्यांत वेली अशा फोफावल्या की धुलाईखान्यातल्या बायका चादरी वाळत घालायच्या सोडून बघायला यायच्या. पानं सुपाएवढी. फुलं पिवळीधमक. मोठ्या ताईंनी भोपळ्याच्या सुपासाठी मोठं पातेलं घासून ठेवलं.

भोपळा मात्र आला नाही. फुलाखाली अंगठ्याएवढं फळ दिसायचं, तीन-चार दिवसांत पिवळं पडायचं आणि गळायचं. काकडीचं तसंच. मामाने पाणी कमी केलं, मग वाढवलं. खत घातलं. बियाणं देणाऱ्याला शिव्या घातल्या. शेवटी त्याने ठरवलं की ही कुठली तरी किडीची करामत असणार.

पंप आता त्याच्या जुन्या जोडीदाराकडे होता. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलेले, एकाच डब्यातून जेवलेले. जोडीदार दर गुरुवारी सकाळी हॉस्पिटलच्या आवारात फवारायला यायचा. मामाने त्याला सांगितलं, "माझ्या वेलींवर जरा जास्त मार." जोडीदार मोठ्या प्रेमाने म्हणाला, "तुझ्यासाठी दोन फेऱ्या जास्त." आणि मारल्या. फळं गळतच राहिली.

त्या सुमाराला आमच्याकडे खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालेल्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं, आणि आता वॉकर घेऊन रोज सकाळी वाफ्यांपर्यंत चालायचं असा त्यांचा व्यायाम होता. बाकावर बसून त्या मामाचं काम न्याहाळायच्या. एके दिवशी त्यांनी विचारलं, "या फुलांवर कोण येतं हो?"

"कोण येणार?" मामा अभिमानाने म्हणाला. "मी आहे ना. कोणाला फिरकू देत नाही."

"मग फळ कोण धरवणार? तुम्ही?"

मामाला वाटलं, म्हातारीची गंमत चालली आहे. बाईंनी त्याला दोन फुलं तोडून आणायला लावली आणि मांडीवर ठेवून दाखवली. एक नुसत्या देठावरचं, मध्ये पिवळी भुकटी असलेलं, ते नर. दुसरं चिमुकल्या भोपळ्यावर उमललेलं, ते मादी. "यातली भुकटी त्यात जायला हवी. आणि तीही आजच, कारण हे फूल ऊन वर आलं की मिटतं आणि पुन्हा उघडत नाही. फुलांना पाय नाहीत. हे काम माश्या, भुंगे, फुलपाखरं करतात. तुमच्याकडे सकाळपासून मला एकही दिसलं नाही. आठ दिवस मोजतेय."

मामा वरमला. मी शेजारी उभी होते. सव्वीस वर्षं ज्या माणसाने बागा सांभाळल्या, त्याला भोपळा कसा धरतो हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याला टाकीत किती झाकणं औषध घालायचं तेवढंच सांगितलं होतं.

"मग आता?" त्याने विचारलं.

"आता तुम्हीच माशी व्हा," बाई म्हणाल्या.

माझ्या मुलीचा रंगकामाचा मऊ ब्रश मी त्याला आणून दिला. दुसऱ्या दिवसापासून मामा सकाळी सहाला हजर. नर फुलावर ब्रश फिरवायचा, मादी फुलात टेकवायचा, मग पुढचं फूल. थरथरत्या बोटांनी ते सोपं नव्हतं. पण बाईंनी बाकावरून सांगितलं, "थरथर चांगली आहे. भुकटी बरी झडते." आयुष्यात पहिल्यांदा त्या थरथरीचं कुणीतरी कौतुक केलं होतं. मामा दिवसभर खुशीत होता.

धुलाईखान्यात थट्टेला ऊत आला. "पंप आता फुलांची स्थळं जमवतोय," असं एकीने म्हटलं आणि ते महिनाभर चाललं. मामा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. आठवड्याभरात पहिला भोपळा मुठीएवढा झाला आणि गळला नाही. मामाने मला आहारकक्षातून बोलावून आणलं, मोठ्या ताईंना बोलावलं, मामीला फोन केला. मामी म्हणाली, "घरात दोन मुलं झाली तेव्हा एवढे फोन केले नव्हते."

तीन आठवड्यांत वेलींवर भोपळे आणि काकड्या लटकायला लागल्या. मोठ्या ताईंचं पातेलं एकदाचं चुलीवर चढलं. त्या दिवशी पुरुषांच्या वॉर्डातून अठ्ठावीस ताटं गेली आणि सव्वीस सुपाच्या वाट्या रिकाम्या आल्या. मी दोनदा बघितलं.

मग मामाला ताप आला. साधाच, पण अंगात ताकद राहिली नाही आणि तो आठ दिवस घरी पडून होता. मी वाफ्यांना पाणी घालून घेतलं. ब्रशाचं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

तो परत आला तेव्हा वेली आणखी वाढल्या होत्या. काही दिवसांनी त्याने मला हाक मारली. एका वेलीच्या बुंध्यापासून तो बोट फिरवत चालला होता. बुंध्याजवळ भोपळे, मग आणखी भोपळे. पुढे हातभर लांबीची वेल, नुसतीच. पानं होती, फुलं येऊन गेल्याच्या खुणा होत्या, फळ एकही नाही. त्यानंतर पुन्हा नवी फळं सुरू. शेजारच्या वेलीवर तसंच. प्रत्येक वेलीवर तेवढाच तुकडा रिकामा.

"हे माझे आठ दिवस," मामा म्हणाला. तो खाली बसला. "अर्धा एकर नाही गं, या दहा-बारा वेली. त्यांच्यासाठी मला रोज तीन तास लागतात. आणि मी आठ दिवस आलो नाही तर हे असं. मग आख्ख्या शहराच्या बागा, शेतं, झाडं, यांचं काम रोज कोण करत होतं?"

त्याला उत्तर ठाऊक होतं. सव्वीस वर्षं कोण मेलं याची यादी त्याच्या मनात उलगडत होती, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तो म्हणाला, "पगार घेऊन मारले मी."

"तुला कुणी सांगितलं नव्हतं, मामा."

"मीही विचारलं नव्हतं."

दुसऱ्याच दिवशी तो स्वच्छ शर्ट घालून अधीक्षकबाईंच्या खोलीत गेला. आवारातली फवारणी बंद करा म्हणाला. बाईंनी त्याला बसायला सांगितलं आणि शांतपणे एक प्रश्न विचारला. "आणि डास? डासांच्या तापाचे रुग्ण याच हॉस्पिटलात येतात. मी त्यांना काय सांगू?"

मामा तसाच परत आला. पण या धंद्यातलं त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं, हेही खरं होतं. त्याने चार दिवस आख्खं आवार पालथं घातलं. कुठे पाणी साचतं, कुठल्या टाकीला झाकण नाही, गच्चीवर कुठल्या कुंडीखाली डबकं आहे, सगळं बघितलं. मग वहीचा कागद फाडून आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं. साचलेलं पाणी दर आठवड्याला ओतून द्यायचं. टाक्यांना जाळ्या. औषध फक्त गटारात, जिथे डासांची अंडी असतात तिथे. फुलांवर, झाडांवर, कुंपणावर अजिबात नाही. कागद घेऊन तो पुन्हा गेला. "डास फुलांत जन्मत नाहीत, मॅडम," तो म्हणाला. "आम्ही फुलांवर मारत होतो, कारण तिथे मारलेलं लोकांना दिसतं."

अधीक्षकबाईंनी एक वर्ष दिलं. डासांचा त्रास वाढला तर जुनी पद्धत सुरू, ही अट.

जोडीदाराला हे कळलं ते वरिष्ठांकडून, मामाकडून नाही. ती मामाची चूक झाली. गुरुवारी जोडीदार आला तो पंप पाठीवर न घेता आणि सरळ वाफ्यांत शिरला.

"माझ्या पोटावर पाय देतोस?"

"तुझी नोकरी जात नाहीये. काम कमी होतंय."

"काम कमी झालं की माणसं कमी करतात. हे तुला माहीत नाही? तू स्वतः सुटलास, आता बाकीच्यांना शहाणपण शिकवतोस. सव्वीस वर्षं तू काय अत्तर शिंपडत होतास?"

मामाने आपले दोन्ही हात पुढे केले. बोटं थरथरत होती. "हे बघ. मला हे तुला आधी दाखवायला हवं होतं. रक्त तपासून घे. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण रक्त तपासून घे."

जोडीदार पाठ फिरवून निघून गेला. पुढचे दहा महिने तो मामाशी बोलला नाही. गुरुवारी यायचा, गटारापुरतं काम करायचा, वाफ्यांकडे बघायचाही नाही. मामा दर गुरुवारी दोन कप चहा सांगायचा आणि दोन्ही स्वतः प्यायचा.

भिंतीलगतची जी जमीन मामाने घासून काढली होती, ती त्याने आता तशीच सोडून दिली. तिथे कसलं कसलं रान उगवलं, त्याला पांढरी, जांभळी बारीक फुलं आली. बघणाऱ्याला ते ओंगळ दिसायचं आणि दोघातिघांनी तशी तक्रारही केली. मास्तरीणबाई घरी गेल्या होत्या, पण व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा यायच्या आणि त्यानंतर बाकावर ठाण मांडायच्या.

त्या हंगामात घेवड्यावर मावा पडला. कोवळ्या शेंड्यांवर काळे ठिपके, बघता बघता सगळी देठं काळी. मामाचा डावा हात आपोआप वरखाली व्हायला लागला, पंपाचा दांडा मारावा तसा. मोठ्या ताई तर भडकल्याच. "मला शेंगा हव्यात. किड्यांचं संमेलन नको."

"दहा दिवस थांबा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

चौथ्या दिवशी मामाला देठांवर करड्या रंगाचे, सुसरीच्या पिल्लासारखे खडबडीत किडे दिसले. त्याने सगळे वेचून बुटाखाली चिरडले आणि मोठ्या समाधानाने बाईंना सांगितलं. बाईंनी डोळे मिटले. "अहो, ती मावा खाणाऱ्या भुंगेऱ्याची पिल्लं होती. तो लाल, पाठीवर काळे ठिपके असलेला, पोरं ज्याला तळहातावर घेतात ना, त्याची."

"इतका देखणा किडा आणि पोरं ही अशी?"

"माणसांतही होतं असं," बाई म्हणाल्या.

नशिबाने दुसऱ्या टोकाला काही पिल्लं वाचली होती. मामा त्यांच्यावर पहारा करत बसला. आठवड्याभरात त्या देठांवरचा मावा ओसरला. निम्मा घेवडा गेला, निम्मा राहिला. मोठ्या ताईंनी राहिलेल्या शेंगा उचलताना काही म्हटलं नाही, म्हणजे त्यांच्यापुरतं ते मान्य झालं.

वर्ष संपायला दोन महिने असताना एका रुग्णाच्या भावाला गांधीलमाशी चावली. कानावर. कान भजीसारखा फुगला आणि त्याने लेखी तक्रार केली. हॉस्पिटलच्या आवारात रान माजवून किडे पाळले जातात, असं त्यात लिहिलं होतं. अधीक्षकबाईंनी मामाला बोलावलं, मला बोलावलं आणि फवारणीचा माणूस म्हणून जोडीदारालाही बोलावलं. मामाचा चेहरा उतरला. मला वाटलं, संपलं सगळं.

अधीक्षकबाईंनी जोडीदाराला विचारलं, "तुमचं काय मत? पुन्हा सगळीकडे मारायला हवं?"

जोडीदार जरा वेळ टोपी हातात फिरवत राहिला. "पोळं स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीवर आहे," तो म्हणाला. "छज्ज्याच्या आत. मी ते मघाशीच बघून आलो. तेवढं एक काढतो. बागेचा त्यात काही संबंध नाही. बागेत मारून ते पोळं जाणारही नाही."

बाहेर आल्यावर मामा त्याच्याकडे बघत राहिला. जोडीदाराने खिशातून घडी केलेला कागद काढला. रक्ताचा रिपोर्ट. महिनाभर तो कागद त्याच्या खिशात होता. "तुझ्याएवढं नाही," तो म्हणाला. "पण सुरुवात झालीय. डॉक्टर म्हणाले, लवकर आलात. हातमोजे, तोंडाला मास्क आणि वर्षभरात दुसरं काम."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू मला आधी सांगितलं होतंस?"

त्या दिवशी दोन कप चहा दोघांनी प्यायले.

पुढच्या हंगामातली गोष्ट. भोपळ्याला फुलं आली तशी मामाने ब्रश काढला. सकाळी सहाला वेलींपाशी वाकला आणि तसाच थांबला. मी त्या दिवशी लवकर आले होते, भाजी काय काय निघेल ते बघायला. त्याने मला बोटाने गप्प राहायची खूण केली. एका मादी फुलात पिवळी भुकटी आधीच पडली होती. शेजारच्या फुलात तळाशी एक छोटी काळी माशी होती, अंगभर भुकटी माखलेली, आणि ती बाहेर येताना फुलाच्या काठावर घसरली, पुन्हा चढली, उडाली. ती मधमाशी नव्हती. जमिनीत बीळ करून एकटी राहणारी कुठली तरी जात होती. नंतर मामाला वाफ्यांच्या मधल्या वाटेवर पेन्सिल जाईल एवढी भोकं सापडली आणि त्याने त्या वाटेवर फरशी बसवायला आलेल्या गवंड्याला हात जोडून परत पाठवलं.

त्या सकाळी मामा पाऊण तास तिथेच बसून होता. मी विचारलं, "कसं वाटतंय?"

"माझं काम माझ्या आधी येऊन कुणीतरी करून गेलंय," तो म्हणाला. मग म्हणाला, "इतकं बरं मला सुट्टीच्या दिवशीही वाटलं नव्हतं."

सगळं काही एका हंगामात जागेवर आलं नाही. काकडीच्या फुलांवर माश्या फार कमी यायच्या, तिथे अजून वर्षभर ब्रश लागला. डासांचा त्रास वाढला नाही, उलट गच्चीवरची डबकी गेल्यामुळे थोडा कमीच झाला. अधीक्षकबाईंनी फवारणी कायमची गटारापुरती ठेवली. तिसऱ्या वर्षी माझ्या आहारपत्रकात अकरा भाज्या होत्या आणि त्या सगळ्या खरोखर शिजत होत्या. रक्त कमी असलेल्या बाईला पालक, दात नसलेल्या आजोबांना भोपळा, टाके घातलेल्याला घेवडा, असं मी लिहायचे आणि मोठ्या ताई पत्रक वाचून नुसतं "बरं" म्हणायच्या. त्यांच्याकडून 'बरं' मिळवायला मला नऊ वर्षं लागली होती.

मास्तरीणबाईंनी मामाला एक भिंग दिलं. त्याने वाफ्यांत दिसणाऱ्या किड्यांना नावं द्यायला सुरुवात केली. पुस्तकातली नावं त्याच्या लक्षात राहत नसत, म्हणून स्वतःची ठेवली: घसरडी, मिशाळ, पळपुट्या, आणि एक मोठा आवाज करणारा काळा भुंगा होता त्याला मोठ्या ताईंचं नाव दिलं. ते त्यांना कधी कळलं नाही, असं मामा समजतो.

त्याच्या बोटांची थरथर गेली नाही. डॉक्टर म्हणाले, वाढली नाही हेच खूप. तो निवृत्त झाला तेव्हा खात्याने शहरातल्या सगळ्या फवारणीवाल्यांची रक्ततपासणी सुरू केली होती. त्यासाठी मामाने अर्जावर अर्ज केले होते आणि जोडीदाराने त्यावर सगळ्यांच्या सह्या गोळा केल्या होत्या. चौदा माणसांपैकी पाच जणांना पंप खाली ठेवायला सांगितलं. त्यातल्या एकाने मामाला रस्त्यात थांबवून शिव्या दिल्या. दुसऱ्याची बायको घरी येऊन मामीपाशी रडली आणि जाताना दोन्ही हातांनी मामीचा हात धरून गेली.

जोडीदार आता शहराच्या पलीकडच्या हॉस्पिटलात आहे. तिथेही भाजीचे वाफे काढले आहेत. तो आणि मामा रोज दुपारी फोनवर बोलतात. काकडी मांडवावर चढवावी की जमिनीवर सोडावी यावरून त्यांचं तासभर भांडण चालतं, आणि मामी आतल्या खोलीतून ओरडते, "फोन ठेवा आता, जेवण गार होतंय!"